परफ्युममध्ये गोठ्याचा वास कशाला?

मे महिन्यात भाचा पुण्याहून वेंगुर्ल्याला आला तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली परफ्युमची बाटली सोबत घेऊन आला होता, आणि दुपारी जेवणं आटपल्यावर पडवीत बसून त्याने मोठ्या हौसेने मनगटावर दोन फवारे मारले. दोन मिनिटं गेली नसतील, आतून माझी आई म्हणजे त्याची आजी बाहेर आली आणि म्हणाली, "वासरू सुटला काय रे? गोठ्याचो वास खंयसून येता?" पोराचं तोंड एवढंसं झालं. खोक्यावर 'अर्दी', 'ॲनिमॅलिक', 'ऊद' असे शब्द होते, पैसे बरेच मोजले होते, आणि आजी म्हणते गोठा. मला म्हणाला, मावशी खरं सांग, मी फसलो का?

फसला नव्हता. आजीचं नाकही बरोबर होतं आणि बाटलीही अस्सल होती. दोन्ही एकाच वेळी खरं कसं हे त्याला त्या दिवशी तुकड्या-तुकड्यात सांगितलं, पण हा प्रश्न मला खूप जण विचारतात म्हणून आता एकदा सगळं सलग लिहून काढतेय. गेली बारा वर्षं मी वासांच्या नादात आहे, घरात एक कपाट नुसतं छोट्या बाटल्यांचं आहे, आणि मला मनापासून वाटतं की हा विषय कोकणातल्या माणसाला जेवढा लवकर कळेल तेवढा दुसऱ्या कुणाला कळणार नाही, कारण यातले निम्मे वास आपल्या घरात, परसात आणि मसाल्याच्या डब्यात आधीच आहेत.

आधी शब्द बघू. परफ्युमवाले 'नोट' म्हणतात म्हणजे त्या मिश्रणातला वेगळा ओळखू येणारा एक वास. अर्दी म्हणजे मातकट, ओली माती, मुळं, शेवाळ, पालापाचोळा अशा अंगाचा. ॲनिमॅलिक म्हणजे जनावराच्या अंगाचा, कातडीचा, केसांचा, घामाचा, गोठ्यातल्या उबेचा. हे दोन्ही वास बहुतेक वेळा परफ्युमच्या तळाशी असतात, आणि तळाशी का असतात हे समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. लिंबू पिळल्यावर हाताला येणारा वास पाच मिनिटांत उडतो कारण त्यातले रेणू हलके असतात, गरम मसाला वाटलेल्या हाताचा वास मात्र संध्याकाळपर्यंत बोटांना चिकटून असतो. परफ्युममध्येही तसंच, लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी उडतात, मग फुलं उघडतात, आणि मुळं, लाकूड, कस्तुरी असले जड रेणू तासन् तास कातडीवर बसून राहतात, वर ते बाकीच्या हलक्या वासांनाही पटकन उडू देत नाहीत. म्हणजे फुलांचं परफ्युम संध्याकाळपर्यंत टिकतं ते बऱ्याचदा फुलांमुळे नाही, खाली बसलेल्या मातकट आणि जनावरी वासांमुळे टिकतं.

आता भाच्याच्या बाटलीतला ऊद. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद घालतो तो वेगळा, तो डिंकासारखा असतो, हा म्हणजे अगर. आसामात आणि आग्नेय आशियात अगराचं झाड होतं, त्याच्या लाकडाला इजा झाली, बुरशी लागली की झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ तयार करतं आणि त्या राळेने भरलेलं लाकूड सुगंधी होतं, निरोगी झाडाच्या लाकडाला हा वास नसतो. आसामकडची जुनी पद्धत अशी की तेल काढायच्या आधी लाकडाचे तुकडे पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायचे, ते आंबतात, आणि त्या आंबण्यातून तो गोठ्याचा, चामड्याचा, जुनाट चीजसारखा वास तेलात उतरतो. अरबस्तानात लोक याच वासासाठी भरपूर पैसे देतात. २००२ मध्ये इव्ह सँ लोराँ कंपनीने एम ७ नावाचं पुरुषांचं परफ्युम काढलं आणि तिथून युरोप-अमेरिकेतही ऊदाची लाट आली, ती अजून ओसरलेली नाही.

पण मग गोठ्याचा वास 'चांगला' कसा झाला? इथे हिंग आठवा. हिंगाच्या डबीत नाक घातलं तर डोळ्यात पाणी येतं, कुणी म्हणणार नाही हा सुवास आहे, आणि तोच हिंग तेलात चिमूटभर पडला की अख्ख्या घराला भूक लागते. वास रेणूंचा असतो हे खरंच, पण किती रेणू आणि कशाच्या सोबतीला यावर नाक काय म्हणणार ते ठरतं. परफ्युम बनवणाऱ्यांचं निम्मं कौशल्य या प्रमाणात आहे, असं मी म्हणेन.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे इंडोल. मोगरा, जाई, सोनचाफा, संत्र्याचा मोहोर या सगळ्यांत इंडोल असतं, जाईजुईच्या कुळातल्या फुलांच्या अर्कात तर ते दोन-तीन टक्के असू शकतं, आणि हेच इंडोल विष्ठेतही असतं. एकच रेणू. त्याच्या शेजारचा स्कॅटोल, त्याचं नावच विष्ठेच्या ग्रीक शब्दावरून पडलंय, तोसुद्धा अगदी सूक्ष्म प्रमाणात फुलांत सापडतो. मी एकदा इंडोलचे स्फटिक मागवले होते, पांढरे, चकचकीत, नॅप्थॅलीनसारखे, आणि बाटली उघडल्यावर वासही थेट कपाटातल्या डांबरगोळीचाच, त्यामागे काहीतरी कुजकट. ते मी अल्कोहोलमध्ये विरघळवून १० टक्क्यांचं केलं, त्यातून १ टक्क्याचं, त्यातून ०.१ चं, आणि तीन कागदी पट्ट्या तिन्हीत बुडवून खिडकीत लावून ठेवल्या. पहिली पट्टी जवळ घेववत नव्हती. दुसरी कशीबशी. तिसरी हातात घेतली आणि मला डोक्यातला मोगरा आठवला, सकाळचा ताजा नाही, दिवसभर केसांत राहून संध्याकाळी जरा तांबूस झालेला, घामाची ऊब लागलेला. त्या दिवसापासून मी फुलांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. काही स्वस्त मोगऱ्याच्या अत्तरांना वास मोगऱ्याचा असूनही ती साबणासारखी का वाटतात त्याचं एक कारण हेच, त्यात 'घाण' वाटेल म्हणून इंडोल टाकलेलंच नसतं किंवा फार कमी असतं, आणि मग फूल मेल्यासारखं वाटतं.

गोठ्याचाही स्वतःचा एक रेणू आहे, पॅरा-क्रेसॉल. गुरांच्या मुतात तो असतो आणि गोठ्याच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. आता बघा, हाच पॅरा-क्रेसॉल नर्गिसच्या फुलातही अगदी थोडा असतो, जाईच्या अर्कातही असतो. आपल्याकडे सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, बंद खोलीत रात्रभर ठेवला की काही जणांचं डोकं जड होतं, काहींना तोच वास स्वर्ग वाटतो, त्या भारी फुलांच्या वासात नेहमीच काहीतरी गोडापलीकडचं, अंगाला चिकटणारं असतं. नुसतं गोड असतं तर आपण तासाभरात कंटाळलो असतो.

आता खरोखरच्या जनावरांकडे येऊ. जुन्या परफ्युमरीत चार मोठी नावं होती: कस्तुरी, जवादी, अंबर आणि कॅस्टोरियम. कॅस्टोरियम बीव्हर नावाच्या पाण्यातल्या प्राण्याच्या ग्रंथीतून यायचं, कॅनडा-रशियाकडून, चामड्याच्या वासासाठी वापरायचे, त्याच्याशी आपला संबंध नाही म्हणून पुढे जाते.

कस्तुरी हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या पिशवीतून यायची आणि त्यासाठी हरणं मारली जायची, एवढी मारली की आज भारतात त्यांना कायद्याने सर्वात कडक संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. त्यामुळे आज कुणी अस्सल मृगकस्तुरी म्हणून काही विकत असेल तर एकतर ते खोटं आहे नाहीतर गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. मग बाजारातलं 'मस्क' कुठून येतं? १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन केमिस्ट टीएनटीसारख्या स्फोटकावर काम करत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की तयार झालेल्या पदार्थाला चक्क कस्तुरीसारखा वास येतोय. पहिली कृत्रिम कस्तुरी अशी स्फोटकाच्या प्रयोगातून आली. पुढे १९२६ च्या सुमारास लिओपोल्ड रुझिच्का यांनी कस्तुरीतला मस्कोन आणि जवादीतला सिव्हेटोन या दोन्हींची रचना उलगडली, कार्बनच्या मोठ्ठ्या कड्या निघाल्या त्या, पंधरा-सतरा कार्बनच्या, तेव्हाच्या केमिस्टांना वाटायचं एवढी मोठी कडी टिकूच शकत नाही. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचाही भाग होता. आज साबण, डिटर्जंट, फॅब्रिक कंडिशनर यांतून येणारा 'धुतल्या कपड्यांचा' वास बहुतांशी कृत्रिम कस्तुरीच असतो, म्हणजे एके काळचा जनावरी वास आता स्वच्छतेची खूण झालाय. आणि एक गंमत, बऱ्याच लोकांना काही विशिष्ट मस्क अजिबात वासच देत नाहीत, नाक चांगलं असूनही, त्यामुळे तुम्हाला जे परफ्युम फिकं वाटतं ते शेजारच्याला उग्र वाटू शकतं आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

ज्यांना वनस्पतीची कस्तुरी हवी त्यांच्यासाठी कस्तुरभेंडी आहे, मुष्कदाणा म्हणतात तिच्या बियांना. रानभेंडीसारखंच झुडूप, पिवळं फूल, आत गडद डाग, आणि बिया चोळल्या की मऊ, किंचित फळासारखा कस्तुरीचा वास. त्यातही रुझिच्कांच्या कड्यांसारखीच मोठी कडी असलेला रेणू निघाला, अँब्रेटोलाइड. हरीण आणि भेंडी एकाच उत्तरावर पोचलेत, मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

जवादी म्हणजे सिव्हेट. इथिओपियात सिव्हेट मांजरं पिंजऱ्यात ठेवून त्यांच्या ग्रंथीतला लोण्यासारखा पदार्थ खरवडून काढायचे आणि गुराच्या शिंगात भरून पाठवायचे. त्या प्राण्यांचे हाल वाचवत नाहीत, आणि कृत्रिम सिव्हेटोन मिळत असताना आता त्याची काही गरजही नाही, या बाबतीत माझं मत पक्कं आहे. कच्चा जवादी नाकाजवळ धरवत नाही म्हणतात, पण हजारात एक भाग केला की फुलांना जिवंत करतो. गेरलाँ कंपनीचं १८८९ चं जिकी, ज्याला अनेक जण पहिलं आधुनिक परफ्युम मानतात, त्यात लॅव्हेंडर आणि व्हॅनिलाच्या खाली हाच जवादी होता.

आपल्याकडचं उदमांजर याच कुळातलं, कांडेचोर म्हणतात तेच, माडावर चढून माडीची मडकी तपासणारं. माझी आजी सांगायची की रात्री माळ्यावरून उदमांजर गेलं की भाताचा वास येतो, आंबेमोहोर शिजत लावल्यासारखा, आणि आम्हा पोरांना ती भुताची गोष्ट वाटायची. बंगालमधले लोकही या मांजराबद्दल हेच सांगतात, तिथे त्याला गंधगोकुळ म्हणतात. याच कुळातला बिंतुराँग नावाचा प्राणी आहे, ईशान्य भारतात होतो, त्याच्या मुतात शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये जो रेणू मुख्य म्हणून सापडला तोच बासमती आणि आंबेमोहोरसारख्या सुवासिक तांदळाचा वास देणारा रेणू निघाला. टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन असं लांबलचक नाव आहे त्याचं. आजी तेव्हा नसताना मला हे कळलं, तिला सांगायला हवं होतं.

अंबर म्हणजे आपल्या पेपरात येते ती व्हेलची उलटी. हा विषय कोकणात नाजूक आहे म्हणून जरा नीट सांगते. स्पर्म व्हेल माकूळ खातो, त्या माकुळांच्या चोची पचत नाहीत, आतड्याला टोचतात, तिथे मेणासारखा पदार्थ साठत जातो, आणि तोही मोजक्याच व्हेलमध्ये, शंभरात एक ते पाचात. तो बाहेर पडतो तो उलटीतून नाही, बहुधा मागच्या बाजूने, किंवा व्हेल मेल्यावर. ताजा असताना काळा आणि शेणासारखा वास, मग वर्षानुवर्षं समुद्रात तरंगतो, ऊन, मीठ, हवा खातो, करडा-पांढरा होतो आणि वास बदलत बदलत गोड, खारट, जुन्या देवळातल्या लाकडासारखा होतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो जवळ बाळगणं, विकणं, नेणं सगळं गुन्हा आहे, किनाऱ्यावर सापडला तरीसुद्धा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी पकडलं जातं, कोटीचे आकडे छापून येतात, आणि त्यात बऱ्याचदा विशी-पंचविशीतली पोरं असतात. वाळूत असं काही दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

आणि त्याची आता परफ्युमला गरजही उरलेली नाही. अंबरातल्या मुख्य पदार्थापासून तयार होणारा रेणू १९५० च्या सुमारास क्लॅरी सेज नावाच्या झुडपापासून बनवता यायला लागला, अँब्रोक्सन म्हणतात त्याला, आणि आता तर उसाची साखर आंबवून मिळणाऱ्या कच्च्या मालापासूनही तो बनतो. डिओर कंपनीचं सोवाज २०१५ मध्ये आलं आणि आज प्रत्येक दुसऱ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याचा वास येतो, त्याच्या पोटात हा अँब्रोक्सन भरपूर आहे. म्हणजे ज्या वासासाठी कुणी तुरुंगात जातंय तो वास मॉलमध्ये बाटलीत मिळतोय.

समुद्रातली अजून एक वस्तू आहे जी आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. काही शंखांच्या तोंडावर नखासारखं एक झाकण असतं, गोगलगाय आत गेली की दार लावून घेते ते. त्याला नख किंवा नखला म्हणतात, धुपात घालतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले ते भाजून, त्याच्या धुरातून तेल मिळवतात, चोया नख नावाचं. त्याचा वास म्हणजे भाजलेले शिंपले, धूर, खारं चामडं. कालवं भाजतात तिथे उभं राहिलेल्या माणसाला तो कळायला एक सेकंद लागतो.

आता माती. हा माझा आवडता भाग आहे.

पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी दिलं, आणि त्यांना आपल्या मातीच्या अत्तराची माहिती होती, उत्तर प्रदेशात लोक हा वास शेकडो वर्षं बाटलीत भरतायत हे त्यांनी लिहूनही ठेवलं. कोरड्या दिवसांत झाडांची तेलं दगडामातीत मुरतात आणि पाणी पडलं की सुटतात हा त्यातला एक भाग. दुसरा भाग जिओस्मिन, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो तयार करतात. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेत तो वेगळा काढला गेला. माणसाचं नाक या रेणूसाठी एवढं तिखट आहे की लाखभर लिटर पाण्याच्या विहिरीत अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी जिओस्मिन मिसळला तरी काहींना तो जाणवेल. आणि जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, पहिला पाऊस पडला की वास एवढा का उसळतो? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की थेंब सच्छिद्र पृष्ठभागावर पडला की खालच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि फुटताना बारीक तुषार हवेत फेकते, सोड्याच्या ग्लासासारखी. जांभा तर छिद्रांचाच दगड. तापलेल्या सड्यावर जूनमध्ये हातभर अंतरावरून बघा, वास आधी येतो आणि थेंबांचे डाग नंतर एकमेकांना मिळतात.

हाच जिओस्मिन बिटाला मातकट चव देतो आणि गोड्या पाण्यातल्या माशांनाही. आंबट पदार्थाने तो मोडतो. चढणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांना आपल्याकडे कोकम किंवा चिंच सढळ हाताने लागते त्याचं हे रसायन आहे, आयांना रेणूचं नाव माहीत नव्हतं पण उपाय माहीत होता.

कनौजचं मातीचं अत्तर कसं करतात तेही ऐका. मातीच्या भांड्यांचे तुकडे तांब्याच्या मोठ्या डेगेत पाण्यासोबत घालतात, झाकण चिखलाने बंद करतात, खाली लाकडं आणि गोवऱ्या. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात जाते, तो पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्याच्या तळाशी चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, वास चंदनात मुरतो, पाणी खालून काढून टाकतात, आणि हेच पुन्हा पुन्हा. नळाला मीटर नाही, कारागीर हाताने भपका चाचपून सांगतो किती झालं. चांगलं मातीचं अत्तर नुसतं ओलं वाटत नाही, त्यात नव्या मडक्यात पहिल्यांदा पाणी भरताना जो चर्रकन वास येतो तो असतो.

वाळा तर सगळ्यांना माहीत, माठात टाकायची जुडी, उन्हाळ्यातले पडदे. पण जगभरच्या पुरुषांच्या परफ्युममध्ये जो 'व्हेटिव्हर' लिहिलेला असतो तो हाच, हे सांगितलं की लोक चकित होतात. नावसुद्धा तमिळ शब्दावरून गेलंय. आज सर्वात जास्त तेल हैतीहून येतं. मुळं धुऊन, वाळवून, तासन् तास वाफ दिली की जाड, मधासारखं तेल मिळतं, आणि आपल्याकडे तांब्याच्या डेगेत काढलेली रूह खस, म्हणजे वाळ्याचंच तेल, तांब्यामुळे हिरवट दिसते. गेरलाँचं व्हेटिव्हर १९५९ चं, टेर द'हर्मेस २००६ चं, दोन्ही हुंगा आणि मग माठातलं पाणी हुंगा.

पाच नावाची सुगंधी पानांची वनस्पतीही तशीच. वेणीत, गजऱ्यात मरव्यासोबत घालतो ती पाच आणि परफ्युममधली पॅचुली एकाच कुळातली, व्यापारात मुख्यतः इंडोनेशियाची जात चालते. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जाताना कसर लागू नये म्हणून त्यात ही वाळलेली पानं घालायचे, आणि तिकडच्या बायका अस्सल शाल या वासावरून ओळखायला लागल्या. हे तेल वाईनसारखं जुनं होईल तसं सुधारतं. ताजं असताना ओलसर तळघरासारखं लागतं, मला स्वतःला ते आवडायला वर्ष लागलं.

आता गोडा मसाल्याच्या डब्यातून दगडफूल काढा. काळं-करडं, कुरकुरीत, एका बाजूला पांढरट. तसं हुंगलं तर फार काही नाही, तेलात परतलं की जुन्या लाकडाचा, पावसात भिजलेल्या सालीचा वास. दगडफूल हे फूल नाहीच, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून केलेला संसार आहे, इंग्रजीत लायकेन. याचंच चुलत भावंड युरोपात ओकच्या झाडांवर होतं, ओकमॉस. फ्रान्स्वा कोटी यांनी १९१७ मध्ये शीप्र नावाचं परफ्युम काढलं, वर संत्र्यासारखा बर्गामॉट, खाली ओकमॉस, आणि त्यावरून परफ्युमचं एक पूर्ण घराणं सुरू झालं. पुढे कळलं की ओकमॉसमधल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या घटकांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, २०१७ मध्ये युरोपियन युनियनने त्यांच्यावर बंदीचा नियम केला, आणि जुनी नावाजलेली परफ्युम नव्याने बांधावी लागली, ते घटक काढलेला ओकमॉस किंवा एव्हर्निल नावाचा कृत्रिम रेणू घालून. जुने शौकीन अजून हळहळतात. कनौजमध्ये मात्र दगडफूल छडीला या नावाने शमामा अत्तरात अजून पडतंच.

शेवटचा नागरमोथा, दिवाळीच्या उटण्यातला. हे भाच्यासाठी मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. अस्सल ऊद एवढा महाग असतो की दुकानातल्या बहुतेक ऊद परफ्युममध्ये तो नावालाच असतो किंवा नसतोच, तो वास इतर गोष्टींनी उभा करतात, आणि त्यात नागरमोथ्याच्या तेलाला मोठी मागणी आहे, सिप्रिऑल म्हणून. धुरकट, मुळांचा, चामड्याकडे झुकणारा. म्हणजे भाच्याच्या त्या बाटलीत उटण्यातलीच वस्तू असण्याची दाट शक्यता होती. शेतात तण म्हणून आपण जो लव्हाळा उपटून बांधावर फेकतो तो याच घराण्यातला.

भाच्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, फवारा मारल्यावर लगेच मत बनवू नकोस, दोन तास थांब. संध्याकाळी दिवेलागणीला त्याने मनगट पुन्हा हुंगलं तेव्हा गोठा जवळपास गेला होता, खाली चंदनासारखं, धुपासारखं काहीतरी उरलं होतं, आणि आजीला दाखवल्यावर तिने नाक न मुरडता "आता बरो येता" एवढं म्हटलं. दुसरं, कोकणातल्या मे महिन्यात असलं जड काही लावू नकोस, उकाड्यात ते दुप्पट फुलतं आणि घामात मिसळलं की एसटीतल्या शेजाऱ्याला त्रास, इथे वाळा किंवा मातीचं अत्तर एक थेंब कानामागे पुरतं. ऊद पुण्याच्या डिसेंबरात लाव, स्वेटरच्या आत.

जुलैमध्ये बेणणी करताना बांधाजवळ लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या, एक नखाने फोडली तर आतून पांढरी, आणि बोटांना तोच कापूर-मुळ्यांचा वास, दोनदा हात धुतले तरी राहिला. मूठभर गाठी धुतल्या, चुलीजवळ वाळवल्या, कागदात बांधल्या, सोबत दगडफुलाची पुडी आणि वाळ्याची एक जुडी घातली आणि एसटी पार्सलने भाच्याकडे पाठवून दिल्या. फोनवर सांगितलंय, आधी हे तिन्ही हातात चुरून हुंग, मग तुझी बाटली उघड आणि कुठलं काय ओळखू येतंय ते मला कळव.